राखणदाराशी लढाई कशाला लावतेस?

पत्र:

ताई, मी डिचोलीची. पणजीत एका छोट्या चमूत व्हिडिओ गेमसाठी पात्रं आणि पार्श्वभूमी काढते. आमचा गेम कल्पनेतल्या एका नदीकाठच्या देशात घडतो, पण तो देश बेतलाय गोव्यावरूनच. नायिका डोंगरातल्या जमातीची आहे. तिला मी कुणबी बायकांसारखं लाल चौकड्यांचं कापड नेसवलं होतं. आमचे आर्ट लीड बाहेरगावाहून काम बघतात आणि दर वेळी एकच शेरा मारतात, 'अजून इंडियन कर.' मग नथ आली, बाजूबंद आले, कमरपट्टा आला. आता पहिल्या टप्प्याच्या शेवटी जो मोठा शत्रू मारायचा, तो 'देवचार' ठरलाय. शिंगं आणि कवट्यांच्या माळेसकट. घरी चित्र दाखवलं तर आजी काही न बोलता आत निघून गेली. बाबा म्हणाले, 'नोकरी गेली तरी चालेल, हे काढू नको.' नुसतं नाव बदललं तर भागेल का? फँटसीत सगळं खरंच असायला हवं का? आणि विचारायचं तर कुणाला?
— गोंधळलेली चित्रकार, डिचोली

उत्तर:

बाय,

आधी देवचाराचं बघू, कारण घरात तंटा त्याच्यावरून झालाय. नथीकडे मग वळू.

तुमच्या चमूला देवचार हे भूत वाटतंय. तुझ्या आजीला तो शेजारी वाटतो. गावाची शीम राखणारा, रात्री काठी आपटत, पेटती चूड घेऊन फेरी मारणारा. रानात कुणी वाट चुकलं तर त्याला घराच्या पायरीपर्यंत आणून सोडणारा. आणि ठरल्या दिवशी त्याचा रोंट, म्हणजे जाड भाकरी, पोचला नाही, तर आठवण करून द्यायला येणारा. रोंट, दारू, विडी हा त्याचा मान. गावाचं आणि त्याचं असं देणंघेणं पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. त्याला तलवारीने मारायचा म्हणजे नेमकं काय साधायचं? गावाच्या वेशीवरचा पहारेकरी मारून नायिका जिंकते, आणि मग? त्या रात्रीपासून गाव कोण राखणार? आजी आत निघून गेली ती भाबडेपणाने नव्हे. तुमच्या कथेतली चूक तिला तुमच्या लेखकाच्या आधी कळली.

मला नवल वेगळ्याच गोष्टीचं वाटतं. गेम करणाऱ्यांना या देण्याघेण्यात गेम कसा दिसला नाही? विचार कर. खेळणारा रात्री रानात शिरलाय, चकवा लागलाय, त्याच त्याच व्हाळापाशी परत येतोय. लांबवर एक चूड हलते. तिच्या मागे जायचं की नाही? गेला तर वाट सापडते, पण जाताना काहीतरी कबूल करून बसतो. पुढच्या तीन मुक्कामांच्या गडबडीत ते विसरला, की ओळखीच्या वाटासुद्धा वाकड्या व्हायला लागतात. यात शिंगं नाहीत, कवट्या नाहीत, आणि भीती शत्रूच्या लढाईपेक्षा जास्त आहे, कारण इथे चूक खेळणाऱ्याची आहे. हे आर्ट लीडना धर्मभावनेच्या भाषेत सांगू नकोस. 'शेवटची लढाई काढून टाकूया' म्हटलं तर कुणी ऐकणार नाही. 'लढाईऐवजी करार ठेवूया, हा दुसऱ्या कुठल्या गेममध्ये दिसणार नाही' असं सांग. ऐकतील.

तरीही ते म्हणाले की आम्हाला अक्राळविक्राळ काहीतरी हवंच, तर त्यांना बेताळ दाखवायचा मोह होईल तुला. सांभाळून. विक्रमाच्या पाठीवर बसून कोडी घालणारा वेताळ निराळा. आपल्याकडे लोलयेचा, अमोण्याचा बेताळ हा गावचा देव. दगडी, नागडा, हातात खड्ग, उभा. रात्री तो गावभर फिरतो म्हणून लोक त्याला चामड्याच्या वहाणा वाहतात, कारण फिरून फिरून जुन्या झिजतात. पात्र काढणाऱ्या माणसाला यापेक्षा जास्त काय पाहिजे? एक टाच दुसरीपेक्षा जास्त झिजलेली, अंगठ्याची पट्टी तुटायला आलेली, चिखल वाळून पांढरा पडलेला, अशा दोन मोठ्या वहाणा देवळाच्या पायरीवर काढ. त्या कुणाच्या हे सांगूही नकोस. त्या जोडावरून अंगाचा आकार, चालण्याची ढब, किती वर्षं चालतोय, सगळं कळतं. कवट्यांच्या माळेतून यातलं काही कळत नाही. ती जगातल्या प्रत्येक गेममधल्या प्रत्येक राक्षसाच्या गळ्यात आहे.

आता नाव बदलण्याचा तुझा प्रश्न. चित्र तेच ठेवून वर दुसरं नाव चिकटवलंस तर पेडण्यापासून काणकोणापर्यंत कुणीही ते ओळखेल, आणि वर 'लपवायला बघतात' हा आरोप येईल तो वेगळाच. मी असते तर उलट केलं असतं. नाव आणि रूप माझं नवीन, वागण्याचे नियम मात्र इथले. शीम राखतो, मान मागतो, शब्द पाळणाऱ्याला पोचवतो, मोडणाऱ्याला फिरवतो. असा प्राणी तू डोळे नसलेला काढ, झाडाच्या सालीचा काढ, कसाही काढ. आजी त्याला ओळखेल आणि तरी तिला वाईट वाटणार नाही.

फँटसीत सगळं खरं असायला हवं का, तर नाही. पण मोकळीक सगळीकडे सारखी नसते. सांगे तालुक्यात कुशावतीच्या काठी उसगाळीमळला जांभ्या दगडावर कोरलेली चित्रं आहेत. बैल, हरणं, मोर, एक गोल चक्रव्यूह. 1993 मध्ये ती अभ्यासकांच्या नजरेत आली. कुणी कोरली, कशासाठी कोरली, याबद्दल अंदाजच आहेत. तिथून रेषेची जात उचल, बैलाची वळणदार पाठ उचल, चक्रव्यूहावर अख्खा मुक्काम उभा कर. तुला अडवायला कुणी येणार नाही. पण ज्या वारुळासमोर उद्या सकाळी कुणीतरी सातेरी देवी म्हणून हात जोडणार आहे, ते वारूळ फोडलं की सोन्याची नाणी पडतात असं दाखवलंस, तर बाबांचं म्हणणं मला पटेल. पेरणी समाजाच्या जागर या विधिनाट्यातल्या लाकडी मुखवट्यांचं तेच. ते खांबाला टांगायची शोभेची वस्तू नव्हेत, खजिन्याच्या पेटीतून निघणारं बक्षीस तर नव्हेतच. ज्या गोष्टीवर आज कुणाचा हक्क चालतो तिथे विचारल्याशिवाय हात घालायचा नाही. विचारल्यावर 'नाही' आलं तर तेही उत्तर धरायचं.

मांडाचं उदाहरण घे. धालो या बायकांच्या गाण्या-नाचाच्या उत्सवाच्या पवित्र अंगणात, म्हणजे मांडावर, पायांत काही घालून जायचं नसतं, हे आपल्याकडे शाळकरी पोरीला माहीत असतं. तुमच्या गेममध्ये मांड असेल तर नायिका तिथे पाय ठेवण्याआधी थांबून वहाणा काढते, एवढी एक हालचाल बसव. खेळणाऱ्याने बटण दाबायचं नाही, ती आपणहून काढते. बाहेरच्या माणसाला ही जागा वेगळी आहे एवढं कळेल. सत्तरीतली पोरगी मात्र खेळता खेळता शेजारणीला हाक मारेल. मांडावरची गाणी आणि बायकांचे खेळ मात्र जसेच्या तसे उचलू नकोस. ते बायकांनी बायकांसाठी जपलेले आहेत.

आता नायिका. माझा जन्म नाटकांच्या वेशभूषेत गेला, त्यामुळे 'अजून इंडियन' हा शेरा ओळखीचा आहे. आपल्या जत्रांतल्या नाटकांना भाड्याने येणारी पोशाखाची पेटी आठव. एकच जरतारी अंगरखा आज संभाजीच्या अंगावर, उद्या रावणाच्या प्रधानाच्या. तुमच्या आर्ट लीडकडे तशीच पेटी आहे, फक्त ती संगणकात आहे. तिच्यातून निघालेली टपोरी मोत्यांची नथ तुझ्या डोंगरातल्या मुलीच्या नाकावर बसलीये. शेतात वाकणारी, रानात शिरणारी मुलगी ती नथ घालून काम करेल का, एवढंच त्यांना विचार. करणार नसेल तर काढ.

दागिन्यापासून सुरुवात करूच नये. ती सकाळी उठून काय काम करते, ते आधी लिही. कुणबी बायका कापड आखूड, पोटरीच्या वर नेसतात आणि पदर फिरवून खांद्यावर गाठ मारतात. कारण चिखलात लावणी करताना कापड भिजू नये आणि दोन्ही हात मोकळे राहावेत. जुन्या काळी आत चोळी नसे, म्हणून ती गाठ आणखी पक्की. तुझ्या ॲनिमेशन करणाऱ्या मित्राला ही गाठ दाखव, तो तुझे पाय धरेल. सुटा पदर उडताना तलवारीतून आरपार जातो, त्यासाठी ती माणसं रात्र-रात्र बसतात. गाठीच्या पदराला ते दुखणंच नाही. शस्त्र म्हणून वाकडी तलवार नको, कमरेमागे अडकवलेला कोयता दे. तो उजव्या हाताने मागून कसा ओढून काढतात ते कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, काम करणाऱ्या कुणाकडूनही बघून घे. ते काढणंच एक हालचाल होईल, आणि हातात आल्यावर तो वार करण्याआधी झुडूप तोडेल.

आणि इरलं! पत्रात त्याचा उल्लेख नाही याचं मला वाईट वाटलं. बांबूच्या काड्यांची चौकट, त्यावर पानांचे थर, डोक्यावरून पाठीवर ओणवं पडणारं. पावसात लावणी करणारी बाई दुरून बघ, माणूस दिसतच नाही, शेतात एक मोठं कासव सरकताना दिसतं. तुम्ही लोक पात्राची काळी सावली काढून ओळखू येतंय का बघता ना? इरल्याची सावली लाख पात्रांत ओळखू येईल. ते ढाल होऊ शकतं, पालथं ठेवलं तर लपायची जागा, वाऱ्यात उलटलं तर संकट. हे एक इरलं तू नीट काढलंस तर बाजूबंद कुणाला आठवणारही नाहीत. केसांत आबोली राहू दे, ती इथलीच.

एक अवघड गोष्ट, जी तू लिहिली नाहीस पण मला दिसते आहे. तुझं पहिलं चित्र आणि आत्ताचं चित्र शेजारी ठेव. कातडीचा रंग उजळत गेलाय का? कंबर बारीक होत गेलीये का? बहुतेक हो. कुणी मुद्दाम करत नाही, दर फेरीत थोडा उजेड वाढतो आणि शेवटी डोंगरातली मुलगी जाहिरातीतली होते. पहिल्या चित्रातल्या रंगाचा तुकडा कापून फाईलच्या कोपऱ्यात कायमचा चिकटव. सावळ्या कातडीवर पावसाळी उजेडात जी निळसर चमक येते, ती रंगवायला अवघड आहे, म्हणूनच रंगव.

परिसराबद्दल थोडक्यात, कारण त्यात तुझा हात चांगला असणार. नारळ, समुद्र आणि पांढरं चर्च हे जाहिरातवाल्यांना सोडून दे. तू डिचोलीची, सत्तरी तुझ्या दाराशी. बांबरची निरंकाराची देवराई बघून ये. पाण्यातून गुडघ्यासारखी वर येऊन परत आत वळणारी मुळं तिथे आहेत, कुठल्याही चित्रकाराने कल्पनेने काढली असती तर लोक म्हणाले असते अतिरेक झाला. मग नदीच्या तोंडाकडे जा, खाजनात, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या शेतात. तिथल्या बांधातली मानस बघ. लाकडी दारं अशी बसवलेली की ओहोटीला आतलं पाणी दार ढकलून बाहेर जातं आणि भरतीला बाहेरचं पाणीच दार लावून घेतं. माणसाला हात लावावा लागत नाही. तुमच्यातला जो कोडी रचतो त्याला तासभर त्या बांधावर बसव, बाकी तो बघून घेईल.

काळाची एक गंमत सांगते. तुमच्या देशात परदेशी गलबतं अजून आलेलीच नाहीत, असं असेल तर स्वयंपाकघरात लाल मिरची टांगू नकोस. मिरची, काजू, अननस, पपई ही सगळी अमेरिकेकडची, पोर्तुगीजांच्या काळात आलेली. आंबट-तिखटाला भिरंड (कोकम), चिंच, मिरी, तिरफळ आहेत. देवळासमोरचा पांढरा चाफा आणि दसऱ्याचा झेंडूसुद्धा मूळचे तिकडचेच, हे ऐकून माझ्या ओळखीचे एक भटजी दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. मंगळुरी कौलं तर त्याहून नवी, 1865 मध्ये मंगळुरात कारखाना निघाल्यावरची. तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ बाराव्या-तेराव्या शतकातलं, पण ते काळ्या बेसाल्टचं. म्हणून तसला दगड तुझ्या जांभ्याच्या गावभर पसरू नकोस. तुझं जग कल्पनेतलं आहे, झेंडू ठेवायचा तर खुशाल ठेव. फक्त ठेवताना तुला माहीत असू दे, म्हणजे कुणी टोकलं तर उत्तर तयार असेल.

मेनू, नकाशा, संवादाच्या चौकटी यांना सोनेरी नक्षी दिली असशील, तर ती पुसून कावी कलेकडे जा. गोव्यातल्या आणि कारवार-कुमठ्याकडच्या जुन्या देवळांच्या भिंतींवर ती अजून सापडते. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर कावेचा, म्हणजे तांबड्या मातीच्या रंगाचा थर देतात. तो ओला असतानाच टोकदार सळईने खरवडतात, म्हणजे खालचा पांढरा उघडा पडतो. दोनच रंग. छटा नाही, सावली नाही, आणि खरवडलेली रेघ परत बुजवता येत नाही. म्हणून त्या रेषेत एक धिटाई असते. तू काढताना 'अनडू' बंद ठेवून बघ. रेष बदलेल.

आवाज बघणारा मित्र असेल तर त्याला सांग, घुमट, म्हणजे मडक्याच्या तोंडावर कातडं ताणलेलं वाद्य, विकतच्या साठ्यातून घेऊ नकोस. 2019 पासून ते आपलं राज्याचं वारसा वाद्य आहे. पूर्वी त्यावर घोरपडीचं कातडं असे, वन्यजीव कायद्यामुळे ते बंद झालं आणि आता बकऱ्याचं लावतात. दोन्हींच्या नादात फरक आहे असं जुने वादक सांगतात. आरतीलाही तेच वाजतं आणि मांडो या गोव्यातल्या ख्रिस्ती लोकांच्या गाण्या-नाचालाही, तेव्हा गोवा म्हणजे नुसती देवळं की नुसती चर्चेस या वादात तुमचा गेम आपोआप सुटेल.

विचारायचं कुणाला? गावडा, कुणबी, वेळीप समाजाला 2003 मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. ही माणसं काही संग्रहालयात नाहीत. तुझ्या वर्गात होती, पंचायतीत आहेत, कॉलेजात शिकवतात, आणि त्यांची मुलं तुमचा गेम मोबाईलवर उतरवून घेणार आहेत. त्यांच्यातल्याच बायकांकडे जा. जाताना पुरं झालेलं, चकचकीत चित्र नेऊ नकोस. पुरं चित्र बघून आपली माणसं 'बरें आसा' म्हणतात, चहा देतात आणि वाटेला लावतात. पेन्सिलीचं अर्धवट रेखाटन ने, गाठ मुद्दाम कच्ची सोड. मग एखादी म्हातारी पेन्सिल ओढून घेईल, नाहीतर उठून स्वतःच नेसून दाखवेल. एकीच्या सांगण्यावर थांबू नकोस. काणकोणातली आणि केप्यातली एकच गोष्ट दोन तऱ्हांनी सांगतील आणि दोघीही बरोबर असतील. तेव्हा तुझ्या नायिकेचं गाव नकाशावर कुठे पडतं ते आधी ठरव.

वस्तू बघायच्या तर बाणावलीचं 'गोवा चित्र' संग्रहालय, शेतीची जुनी अवजारं तिथे आहेत. वाचायला पणजीतल्या पाट्टोवरचं कृष्णदास शामा ग्रंथालय. लाकडावरच्या लाखकामाचे रंग बघायला कुंकळ्ळीचे चितारी. पणजीतल्या शिगम्याच्या चित्ररथांवरून मात्र नोंदी घेऊ नकोस. ते स्पर्धेसाठी असतात, चमक जास्त आणि थर्माकोल त्याहून जास्त. घोडेमोडणी बघायची तर डिचोली-सत्तरीच्या गावात, ढोलाच्या अगदी जवळ उभी राहून बघ. कमरेला बांधलेला लाकडी घोडा नाचणाऱ्याच्या चालीने कसा खरा होतो, ते तिथेच कळतं.

आणि पैशांचं आत्ताच बोलून घे. जी बाई तुला दुपारभर नेसणं शिकवेल, तिच्या वेळेचे पैसे चमूच्या खर्चात धर, तुझ्या पर्समधून देऊ नकोस. श्रेयनामावलीत तिचं नाव कसं हवं ते तिलाच विचार. काहींना स्वतःचं नको असतं, वाड्याचं हवं असतं. आर्ट लीडनी या खर्चाला नाक मुरडलं तर त्या नथीचं मॉडेल करायला किती तास लागले होते, तेवढा हिशेब त्यांच्यासमोर ठेव.